हर्षदचा पत्ता

मच्छीमार सोसायटीच्या खलाशांची माहिती जुन्या डेटाबेसमधून काढून नव्यात भरायचं काम वेदिकाकडे आलं. त्यात तिचा नवरा हर्षदही होता. गेल्या हंगामात तो समुद्रावर गेला, तो परतलाच नव्हता.

माहिती नव्यात भरली, तर त्याचा पत्ता पूर्णगडऐवजी पावस दिसला. तिने सगळं पुसून पुन्हा भरलं. आता रत्नागिरी, तिच्या आणखी जवळ. जुन्या फाईलीत मात्र पूर्णगडच होतं.

तिने पुन्हा भरलं. तिला तो परत हवाच होता.

या वेळी मिरजोळ्याची तिची भाड्याची खोली आली. ती तर तिने तो गेल्यावर घेतली होती.

तिने घाईघाईने खोलीवर एकट्या असलेल्या लेकीला फोन लावला. "संस्कृती, दाराला कडी लाव!"

"लावलीय गं आई," पोर कुजबुजली. "बाबांनीच लावली, आत आल्यावर."