तिसऱ्या अंकातली तलवार

नाटकातला राजा पूजेला बसला होता आणि त्याच्या पाठीमागे राजपुत्र उभा होता. राजाने सख्ख्या भावाला मारून गादी बळकावलेली. आता पुतण्याने तलवार उपसायची, उगारायची आणि पूजेला बसलेल्याला कसं मारावं म्हणून पुन्हा म्यान करायची. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या गणेशोत्सवात एवढी जड शोकांतिका कशाला, असं कमिटीत बऱ्याच जणांनी म्हणून पाहिलं. पण मंडळाच्या अध्यक्षांना, खंडेरावांना, राजा व्हायचं होतं. मग कोण बोलणार?

राजपुत्र होता जयेश, त्यांचा खराखुरा पुतण्या. त्याचे वडील शहाजी गेल्या साली गुडगावच्या नव्या सेक्टरमध्ये, स्वतःच्याच अर्धवट बांधलेल्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवरून पडले आणि जागीच गेले. वर तेव्हा दोघे भाऊच होते. पाय घसरला, असं खंडेरावांनी सांगितलं. आता त्या कोठीत खंडेराव राहतात. जयेशला ते पाय घसरणं कधीच पटलं नव्हतं. आतल्या आत जळत होता बिचारा, पण तोंड उघडायची हिंमत होत नव्हती.

मंडळाच्या तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी कागद. जयेशने तलवार उपसली तेव्हा मात्र सर्रकन लोखंडाचा आवाज आला. ती घरची होती. दर खंडेनवमीला दोघे भाऊ मिळून तिला तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे. पहिल्या रांगेत बसलेल्या इंदुमतीने, जयेशच्या आईने, तो आवाज ओळखला आणि पदर तोंडाशी नेला.

खंडेरावांनीही ओळखला. त्यांचे जोडलेले हात जरासे हलले. पण त्यांनी वळून पाहिलं नाही. उलट मान आणखी खाली केली.

जयेशने तलवार उगारली. इथे त्याचं वाक्य होतं. विंगेतून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या देवयानीने ते हळूच सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. प्रेक्षकांना वाटलं, वा, काय काम करतोय पोरगा! जयेश तलवार तशीच वर धरून विचार करत होता. मारलं, आणि बाबांचा खरंच पाय घसरला असेल तर? शेवटी त्याने वाक्य म्हटलं. तलवार खाली आली, म्यानात गेली.

टाळ्या पडल्या. त्या गोंगाटात, हात तसेच जोडलेले ठेवून, खंडेराव फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"तुझ्या बापानेही त्या दिवशी गच्चीवर माझा गळा धरला होता. मग तुझ्यासारखाच सोडला. मी मात्र त्याला सोडलं नाही."