आठ नंबर

दातांच्या दवाखान्यात सकाळपासून प्रत्येकाच्या मोबाइलवर रांगेचा विषम आकडाच आला होता. पाच, सात, नऊ. मधले आकडे कुणाकडेच नव्हते.

"आठ नंबर," मदतनीस बाईंनी दारातून हाक दिली. कुणी उठलं नाही. "आठ नंबर कोण?"

"भूत असेल," सुजल्या गालावर रुमाल धरून बसलेला एक जण म्हणाला. "त्यालाही अक्कलदाढ आली असणार."

डॉक्टरांची मुलगी कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आईबाबांच्या दवाखान्याचं ऑनलाइन नंबर देणारं पान तिनंच बनवलं होतं. ते एकदा उघडलं की दोनदा चालत होतं. एक नंबर दाखवायचं, दुसरा गुपचूप गिळायचं. निम्मा दिवस असा वाया जायचा, आणि दात ठणकणाऱ्या माणसांना पान सांगायचं, आज जागा नाही. आठवडाभर तिनं डोळ्यांत तेल घालून ओळ न् ओळ तपासली होती. आज ती पानाचा एकेक तुकडा काढून बघत होती.

वरच्या, डॉक्टरांच्या फोटोंच्या दोन चौकटींतली उजवी काढली आणि आकडे सरळ झाले. सात, आठ, नऊ.

तिचे हात थांबले. ती चौकट बाबांची. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा आई म्हणाली होती, "त्यांचा फोटो काढून टाक, पण जागा राहू दे." तिनं फोटोचा पत्ता पुसला आणि चौकट ठेवली. पत्ता नसलेली चौकट फोटो शोधत पुन्हा त्याच पानाच्या दारात जात होती, आणि पान तिला नवा पेशंट समजून नंबर देत होतं.

समोर, पेशंटांच्या रांगेत, बाबा रोजच्यासारखे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

आई मास्क खाली ओढत बाहेर आली. "सापडलं?"

"हो. बाबांची चौकट. काढावी लागेल."

"दुसरं काही नाही का करता येणार?"

मुलीला खोटं बोलता आलं नाही. "येईल. तिथे कुठलंही चित्र लावलं तरी चालेल."

"मग एखादं फूल लाव."

"अगं, इतक्यात फूल नको," बाबा म्हणाले.

सुजला गाल हसला आणि कळवळला. आई हसली नाही. "हाताची थरथर थांबली की पुन्हा पेशंट बघायला बसायचंच आहे तुम्हाला," ती म्हणाली. वर्षभर ती हेच म्हणत होती, आणि वर्षभर बाबा मान डोलवत होते.

बाबांनी हात मांड्यांखालून काढले आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर ठेवले. मुलीनं नजर पडद्यावर खिळवली.

"चौकट काढ," ते मुलीला म्हणाले, पण बघत होते आईकडे. "मी आता कुणाच्या दाताला हात लावणार नाही."