यंदा काहीही छापता येतं

थाउंग सेन यांची बायको नवे यिन तुरुंगात वारली. तिच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी यांगूनच्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचे, आणि सेन्सॉरचं ऑफिस त्यातला 'तुरुंगात' हा शब्द न चुकता खोडायचं. तिथे जाऊन, हात जोडूनही उपयोग झाला नव्हता. शेवटी छापून यायची ती तिच्या नावाने भिक्खूंना दिलेल्या जेवणाची ओळ तेवढी. यंदा मात्र ते ऑफिसच बंद झालं. बायकोच्या माघारी पहिल्यांदाच इस्त्रीची लुंगी नेसून ते एका नव्या खासगी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले.

"आता काहीही लिहा, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सरकार आधी वाचत नाही. छापल्यावर खटला भरतं, एवढंच."

"मला एकच शब्द हवाय, पोरी."

"मग आतल्या साहेबांना तेवढा दाखवून घ्या. खटला कशावरून होईल ते त्यांना नुसत्या वासाने कळतं. मालकांनी मुद्दाम जास्त पगार देऊन आणलंय त्यांना."

थाउंग सेन पडदा सारून आत गेले.



साहेब ओशाळून उठले. "बसा ना, थाउंगदादा. तिकडचं ऑफिस बंद झालं, म्हणून इकडे आलो. यंदाही तोच शब्द आहे का?"