बाजूची सीट

विभागीय शर्यतीच्या सकाळी क्लबचा मेकॅनिक माझ्या गाडीत डोकावला आणि हसला. “दादा, बाजूची सीट परत बसवलीत? शर्यतीत भाडं मारणार का? वीस किलो वजन फुकट वाहाल.” मागच्या वर्षी गाडी हलकी करायला आम्ही दोघांनीच ती काढली होती. त्याच आठवड्यात बायकोच्या छातीत कळ आली. घरात दुसरी गाडी नव्हती, आणि या गाडीची मागची सीट तर आधीच काढलेली होती. तिला सीटच्या जागी, उघड्या पत्र्यावर बसवून मी निघालो. वळणावळणावर ती घसरायची, म्हणून शर्यतीत सुसाट सुटणारा मी गाडी हळू चालवत राहिलो. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. सगळ्यांना मी सांगितलं, वाटेत ट्रॅफिक लागलं. मेकॅनिकने पाना घेतला. “काढतो. वहिनी असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या, काढा ती अडगळ.” मी त्याचा हात धरला. “त्या दिवशी रस्ता मोकळा होता. तिला बसायला सीट नव्हती.”