खुर्चीतला गवळी

सुई तळपायात निम्मी गेली, तरी बाबासो गवळ्याची पापणी लवली नाही.

विमा कंपनीकडून तपासाला आलेले प्रसेनजीत कांबळे सुई धरून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. बाबासो म्हणाला, "सायेब, आता दुसरा पाय बघा की. त्येला वाईट वाटंल."

कांबळे ओशाळले, अर्धा कप चहा प्याले आणि गेले. ललितानं दाराला कडी घातली. तसा बाबासो खुर्चीतून उठला, एका पायावर खोलीभर नाचला आणि बायकोवर खेकसला, "हळद आण की. बघत काय हुबी ऱ्हायलीस?"

अपघात मात्र खरा होता. ब्याण्णव साली म्हैस बघायला कोल्हापूरहून धारवाडकडं निघालेल्या भाड्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं. दोन्ही पाय कायमचे गेले, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. अपघात कर्नाटकात, म्हणून दावाही धारवाडच्या कोर्टात. वकील निपाणीचे नेमगोंडा पाटील. कोर्टात कानडीत भांडायचे आणि बाहेर येऊन मराठीत चहा मागायचे.

वर्षभरानं एका सकाळी बाबासो गोठ्यातल्या खुंट्याला धरून उभा राहिला. ललिता आनंदानं गल्लीत सांगायला धावली, तर त्यानं तिची वेणी धरून मागं ओढलं.

"निकाल लागस्तवर म्या बसल्यालाच. कळलं?"

नेमगोंडा वकिलांनी बजावलंच होतं. कंपनीची माणसं साध्या कपड्यांत फिरतात. वकिलांचाच एक पक्षकार, मोडक्या मणक्याचा, फणसाच्या झाडावर सापडला होता, फोटोसकट. "आणि खातं दोघांच्या नावावर काढा," ते म्हणाले होते. "तुम्हाला उचलून बँकेत कोण नेणार?"

तेव्हापासून बाबासो बसला तो बसलाच. दार उघडं असताना बसला, आणि तो सुईचा दिवस सोडला तर दार लावल्यावरही बसला. सवय मोडली की माणूस सापडतो, असं त्याचं म्हणणं. त्याचं न्हाणं ललितानं करायचं, त्याचं भांडं ललितानं उचलायचं. शिवाय म्हशींच्या धारा, शेणघाण आणि धारवाडच्या तारखा.

एकदा ती म्हणाली, "अवो, दार लावलंय की. परसाकडंला तेवढं चालत जावा."

त्यानं पाण्याचा तांब्या फेकून मारला. भुवईवर खोक पडली. म्हशीनं शिंग मारलं, असं तिनं गल्लीला सांगितलं. गल्ली हळहळली. बिचारा बाबासो, खुर्चीत बसून बायकोपायी जिवाला किती घोर लावून घेतोय.

वास्तविक सुंदरी म्हशीनं जन्मात कुणाला शिंग मारलं नव्हतं. तिची खोड वेगळी. ललितानं हाक मारली की वाटेत काय आहे ते ती बघायची नाही. एकदा मांडवातून आरपार आली होती, चालू पंगतीतून, एका शिंगाला झालर आणि दुसऱ्याला नवरदेवाच्या मामाचा फेटा घेऊन. बाबासो हे येईल त्याला सांगायचा, आणि दर वेळी मांडव चार हात वाढायचा.

शहाण्णवच्या दिवाळीआधी ललिता धारवाडहून परतली.

"काय झालं?"

"तारीख पडली," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली. "आन् वकील म्हणालं, कंपनीचा माणूस पाडव्याला येणार हाय. करडी सफारी, काखंत छत्री. काय बी झालं तरी उठू नगा म्हणालं."

"म्या उठतोय व्हय? शिवाजी पेठंतला हाय म्या, हटायचा न्हाई."

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. नदीवर न्हाऊन, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून त्या निघतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं पळवतो आणि मागं त्याची म्हैस उधळते. बाबासोच्या अपघातापासून सुंदरीपुढं त्याचा चुलतभाऊ गुंडू गाडी पळवायचा.

ललितानं नवऱ्याला नवा सदरा घातला, खुर्ची ढकलत गल्लीच्या टोकाच्या कट्ट्यापुढं नेली. घरंगळायला नको म्हणून चाकांना दगड लावले. मग स्वतः त्याच्या मागं कट्ट्यावर चढली.

"आलाय गं," बाबासो ओठ न हलवता म्हणाला. पलीकडं करडी सफारी उभी होती. काखेत छत्री.

"दिसला. हलू नगा."

"हलतोय कशाला."

गल्लीच्या वरच्या अंगानं गुंडूची गाडी धडधडत आली, मागं सुंदरी. कट्टा यायच्या आधीच्या बोळात गुंडू वळला. सुंदरीही वळणार, तेवढ्यात ललितानं हाक मारली.

"सुंदरेऽऽ"

म्हैस सरळ आली. माणसं दोन्हीकडं पांगली. "खुर्ची वडा, खुर्ची," कुणीतरी ओरडलं. वेळ होता. धडधाकट माणूस दोनदा उठून एकदा परत बसला असता, एवढा वेळ होता. बाबासोनं म्हशीकडं बघितलं, मग सफारीकडं. सफारीवाला टक लावून बघत होता. बाबासोनं हाताची घडी घातली.

इतका देखणा तो चार वर्षांत कधी बसला नव्हता.

पुढं जी पळापळ व्हायची ती झाली. खुर्चीचं एक चाक तिसऱ्या घराच्या पायरीवर सापडलं. गल्लीतल्या बायका ललिताला धरून रडल्या. धोंडुबाई म्हणाली, "पाय असतं तर वाचला असता गं." म्हैस कट्ट्यापाशी शांत उभी राहून ललिताचा हात चाटत होती.

गर्दी जराशी सरल्यावर सफारीवाला छत्री सावरत पुढं आला.

"ललिताबाई, मी कृष्णात, आजऱ्याचा. गेल्या महिन्यात निकाल लागला, पैसं खात्यावर आलं, आता म्हैस इकायची म्हणून तुमीच बोलिवलंसा, वळखीला सफारी न् छत्री बी तुमीच सांगितलीसा. पर ही येळ न्हवं. येतो म्या."

ललितानं पदरानं डोळे पुसले.

"थांबा की, पावणं. हाकंला कशी येत्या, बघितलीसा न्हवं?"