भुतांचा पट

मेंदूज्वरातून राजेंद्र वाचला, पण घरातली माणसं त्याला ओळखू येईनात. हे कळल्यावर खुलताबादहून त्याची धाकटी बहीण रत्नमाला सिडकोतल्या त्याच्या घरी आली, ती माळ्यावरचा एक जुना खेळ काढून घेऊनच. लहानपणी टीव्हीवर भुतांचं कार्टून लागायचं. त्याच्यावरचा हा पट दोघं भावंडं कडा फाटेपर्यंत खेळली होती.

तिनं पट मांडला. राजेंद्रनं न विचारता हिरव्या भुताची सोंगटी उचलली. फासा पडला, सोंगटी कवटीवर गेली आणि खेळाच्या नियमाप्रमाणं दोघं एकदम किंचाळली. राजेंद्र पोट धरून हसला. रत्नमालाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, आठवलं ना तुला?"

"सगळं आठवतं की!"

मग एकाएकी दाराकडं बघत तो घाईघाईनं सोंगट्या खोक्यात भरू लागला.

"काय झालं रे?"

"बाई, तुम्ही आता जा," तो हळूच म्हणाला. "आमची रत्ना शाळेतून यायची वेळ झाली. तिला सोडून खेळलो म्हणून लई रडंल ती."