प्रबंधाचा विषय

"यातला एकही चालायचा नाही," वहिनी म्हणाली.

पलंगावर फोटोंचा ढीग पडला होता. कशात नणंदेचे डोळे मिटलेले, कशात समोरच्यांची डोकी आड आलेली, तर कशात तोंडावर एवढा उजेड की नाक कुठे नि डोळे कुठे ते कळू नये. विद्यापीठाला साधा, समोरून काढलेला चेहरा हवा होता.

"उभ्या राहा इथं भिंतीशी." वहिनीनं मोबाइल काढला. "आणि वन्सं, तुमचं ते नेहमीचं हसू नको हं."

दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा दोघींनी मिळून धर्म-अभ्यास विभागाच्या एम.ए.चा अर्ज पाठवून दिला.

दादाचं घर सकाळपासून माणसांनी भरून जायचं. कुणाचा धंदा बसलेला, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला, कुणाचं दुखणं बरं होत नसलेलं. दादा एकेकाला आत घ्यायचा, गाऱ्हाणं ऐकायचा, तोडगा सांगायचा. बोलणारा तो. तिनं पांढरे कपडे घालून नुसतं बसायचं. आईवडील गेल्यापासून हे असंच चाललं होतं. बी.ए. तिनं घरी बसून केलं, तेही 'तेवढाच वेळ जातो तिचा' म्हणून दादानं चालवून घेतलं.

एम.ए.चं तिच्या डोक्यात आलं ते एका बाईमुळे. ती बाई तापानं फणफणलेलं पोर घेऊन आली होती. दवाखाना वाटेत लागत होता, तो ओलांडून आली होती. "डॉक्टरकडे..." एवढं हिच्या ओठांवर आलं. दादानं बहिणीकडे फक्त बघितलं आणि ती गप्प बसली. पोर हाती लागलं नाही. काही दिवसांनी तीच बाई पुन्हा आली, फळांची करंडी घेऊन. आभार मानायला. म्हणाली, "शेवटी तळमळलं नाही हो. शांत गेलं."

त्या बाईचा राग तिला सोसला असता. आभार सोसवेनात.

मुलाखतीचं बोलावणं वहिनीच्या मोबाइलवर आलं आणि नेमका फोन दादाच्या हाती लागला.

"धर्माचा अभ्यास?" तो म्हणाला. "घरात एवढा धर्म उतू चाललाय आणि तू बाहेर शिकवणी लावणार?"

"हो."

"मग इथं कोण बसेल?"

"कुणालाही बसव."

"कुणालाही!" दादाचा आवाज चढला. "या घराच्या जिवावर किती चुली पेटतात, ठाऊक आहे तुला? पोटाला चिमटा काढून वाढवलं मी. असे पांग फेडतेस?"

"वाढवलंस, ते विसरले नाही. पण मी विचारत नाहीये, दादा. सांगतेय."

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर माणूस बसला आणि तिच्या चपला दिसेनाशा झाल्या.

मुलाखतीच्या दिवशी पहाटे वहिनीनं स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. स्वतःची निळी साडी नेसवली, स्वतःच्या चपला पायात दिल्या. त्या ढगळ होत होत्या.

"दादा तुला काय म्हणेल?" तिनं विचारलं.

"म्हणेल ते ऐकून घेईन. इतकी वर्षं काय वेगळं करतेय?" कुणी ओळखू नये म्हणून वहिनीनं तिच्या डोक्यावरून एक ओढणी घट्ट गुंडाळली. "परत आलात तर दार मीच उघडीन. पण वन्सं, परत येऊ नका."

बसचं तिकीट काढायची तिची पहिलीच वेळ. समोरची म्हातारी टक लावून तिच्याकडे बघत होती. एकाएकी ती उठली आणि आपली जागा तिला दिली.

"आजी, अहो बसा तुम्ही."

म्हातारीनं नुसती मान हलवली आणि दांडा धरून उभी राहिली. तिनं ओढणी आणखी पुढे ओढली.

विद्यापीठात टेबलापलीकडे दोघं होते. विभागप्रमुख बाई आणि एक किडकिडीत प्राध्यापक. बाईंनी सौम्यपणे सुरुवात केली. धर्म आणि पंथ यांतला फरक विचारला, वाचन विचारलं. तिनं नीट उत्तरं दिली. हात मात्र तिनं मांडीखाली दाबून धरले होते.

"कॉलेजात एकदाही गेला नाहीत?"

"पाठवत नव्हते."

"मग आता कसं पाठवलं?"

"नाही पाठवलं," ती म्हणाली. "आले."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "प्रबंधाचा विषय काही ठरवलाय?"

"हो. जिवंत माणसाचा देव कसा करतात, ते मला शोधायचंय."

प्राध्यापक पहिल्यांदाच पुढे झुकले. "विषय नामी आहे, पण हात पोळतील. अशा ठिकाणी वर्षभर जाऊन राहावं लागतं. मधली माणसं देवापर्यंत पोचू देत नाहीत. आणि पोचलात तरी तो देव तोंड उघडत नाही. मी स्वतः दोनदा हात हलवत परत आलोय. तुम्हाला आत कोण घेणार?"

तिनं डोक्यावरची ओढणी सोडली आणि घडी करून मांडीवर ठेवली.

"आत जायचा प्रश्नच नाही, सर," ती म्हणाली. "आज पहाटे मी तिथूनच पळून आलेय. त्यांचा देव मीच आहे."